चोविशीत नोकरी सोडलेला ऑलिव्हर

इंजिनीअरिंगच्या कुठल्याही कॉलेजात टेक फेस्टच्या दिवसांत एक टी-शर्ट हमखास दिसतो. काळा रंग, छातीवर पांढऱ्या अक्षरांत मॅक्सवेलची चार समीकरणं. घालणाऱ्याला वाटतं ती मॅक्सवेलने लिहिली, बघणाऱ्यालाही तसंच वाटतं. खरं म्हणजे मॅक्सवेलने ती तशी कधी लिहिलीच नाहीत. त्याच्या मूळ मांडणीत वीस समीकरणं होती आणि वीस अज्ञात राशी. हा सगळा पसारा आवरून आजच्या चार ओळींत बसवला तो ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या एका इंग्रज माणसाने. तो कॉलेजात कधीच गेला नव्हता. एम-थ्रीच्या पेपरात छळणारं युनिट स्टेप फंक्शन त्याचंच. इम्पिडन्स, इंडक्टन्स, कंडक्टन्स हे शब्दही त्यानेच रूढ केले.

पण इथे त्याची आठवण काढायचं कारण वेगळं आहे. भर समुद्रात, जिथे मोबाइलचा टॉवर नाही आणि उपग्रहाची सोयही नाही, तिथून एखादं जहाज शॉर्टवेव्ह रेडिओवरून ई-मेल पाठवतं तेव्हा त्या रेडिओला एक मोडेम जोडलेला असतो. या मोडेमला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे रेडिओलहर परतवणारं आकाश. दुसरी म्हणजे वाटेत विस्कटलेला सिग्नल पुन्हा नीट करण्याची युक्ती. या दोन्ही गोष्टींवर सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एकाच माणसाने डोकं चालवलं होतं, आणि तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलं नव्हतं.

ऑलिव्हरचा जन्म 18 मे 1850 चा, लंडनच्या कॅम्डन टाउन या गरीब वस्तीतला. वडील लाकडावर चित्रं कोरून छपाईचे ठसे बनवायचे. चार भावांत हा धाकटा. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाला आणि कानांनी दगा दिला. ऐकूच येत नसल्याने गल्लीतल्या पोरांच्या खेळात त्याला जागा नव्हती. पुढे ऐकू येणं बरंच सुधारलं, पण एकटं राहायची सवय लागली ती लागलीच. शाळेत हुशार होता, फक्त भूमितीत मार खायचा. सिद्धता पाठ करून लिहिण्याचा त्याला तिटकारा होता. सोळाव्या वर्षी शाळा संपली, कारण पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते.

घरात एकच मोठा माणूस होता, मावशीचा नवरा चार्ल्स व्हीटस्टन. होय, प्रॅक्टिकलमधल्या ब्रिजवाला व्हीटस्टन. इंग्लंडात तारयंत्र आणणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या ओळखीने भाचे तारेच्या धंद्यात शिरले. थोरला आर्थर न्यूकॅसलला होता, ऑलिव्हर त्याच्या हाताखाली शिकला आणि 1868 मध्ये इंग्लंड-डेन्मार्क केबलच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला.

त्या केबलवर रोज बसणाऱ्यांना एक गंमत ठाऊक होती. एका दिशेने संदेश जितक्या वेगाने जाई, तितक्या वेगाने उलट दिशेने येत नसे. केबल तीच, समुद्र तोच, मग असं का? बाकीच्यांनी ते आहे तसं मान्य करून टाकलं होतं. या पोराने कागद-पेन्सिल घेतली आणि दोन्ही टोकांच्या जमिनीवरच्या तारांचा रोध वेगवेगळा असल्याने असं होतं, हे गणिताने दाखवून दिलं. इथून पुढे त्याला सिग्नलच्या आकाराचं वेडच लागलं. या टोकाला आपण चौकोनी, धारदार ठोका देतो. त्या टोकाला तो सपाट, पसरट, शेपूट लांबलेला का पोचतो?

प्रश्न पुस्तकी नव्हता. 1858 मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली केबल टाकली, तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचायला सोळा तास लागले होते. वीज काही हळू धावत नव्हती. पण प्रत्येक ठोका केबलमध्ये इतका पसरायचा की पुढच्या ठोक्यात मिसळून जायचा. मग दोन ठोक्यांमध्ये थांबत थांबत पाठवणं एवढाच उपाय उरायचा. वेग वाढवायच्या नादात तिथल्या साहेबांनी भरमसाट व्होल्टेज लावलं आणि काही आठवड्यांत केबलच मेली.

1874 मध्ये ऑलिव्हरने पगारवाढ मागितली. कंपनी नाही म्हणाली. त्याने नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी परत आला. वय चोवीस. यानंतर मरेपर्यंत, म्हणजे आणखी पन्नास वर्षं, त्याने कुठेही नोकरी केली नाही. आपल्याकडे असा मुलगा घरात असता तर नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असतं, कल्पना करा. इथे मात्र घरच्यांनी त्याला एक खोली दिली. खोलीचं दार लावून, दिव्याच्या धुरात, बहुतेक रात्री तो बसून असायचा.

समोर असायचा मॅक्सवेलचा 1873 मध्ये आलेला ग्रंथ. पहिल्या वाचनात त्यातलं फारसं काही कळलं नाही, कारण तेवढं गणितच येत नव्हतं. आधी गणित शिकला, मग ग्रंथ पुन्हा वाचला, आणि मग मॅक्सवेलला बाजूला ठेवून स्वतःच्या पद्धतीने सगळं लिहून काढलं. त्यासाठी व्हेक्टरची भाषा तयार केली. डिफरन्शिअल समीकरणं साध्या बीजगणितासारखी सोडवायची ऑपरेटरची रीत काढली. उत्तरं बरोबर यायची, पण ती का बरोबर येतात याची नीटस सिद्धता तो देत नसे. गणितज्ञांना हे सहन होईना. रॉयल सोसायटीने त्याला 1891 मध्ये फेलो केलं खरं, पण पुढे तिनेच त्याच्या ऑपरेटरवरच्या लेखमालेतला तिसरा भाग नाकारला. आपण आज लाप्लास ट्रान्सफॉर्म लावून जे करतो, ते म्हणजे त्याच्या त्या रीतीला नंतरच्या लोकांनी दिलेला शिस्तीचा गणवेश आहे, असं मला वाटतं.

आता मुख्य भांडण. तारेचा हिशेब करताना तोवर दोनच गोष्टी धरल्या जात होत्या, तारेचा रोध आणि तिची कपॅसिटन्स. हेविसाइडने त्यात इंडक्टन्स घातला आणि तारेतून होणारी गळतीही घातली. मग 1887 मध्ये त्याला एक विलक्षण उत्तर मिळालं. या चार राशींचं प्रमाण एका ठरावीक तऱ्हेने जुळलं तर सिग्नल अजिबात विस्कटत नाही. तो क्षीण होतो, पण आकार तसाच राहतो, कारण सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच वेगाने जातात आणि सारख्याच प्रमाणात घटतात. प्रत्यक्षातल्या केबलमध्ये इंडक्टन्स फार कमी असतो. म्हणजे उपाय काय, तर तो मुद्दाम वाढवा.

आणि नेमकं याच्या उलट मत होतं विल्यम प्रीस यांचं. प्रीस हे ब्रिटिश पोस्ट खात्यातले बडे इंजिनीअर, आणि तारा-टेलिफोन पोस्टाच्या ताब्यात. इंडक्टन्स हा टेलिफोनचा शत्रू, तो कमी करत जायचं, असं ते जाहीरपणे सांगत. ऑलिव्हर आणि आर्थर या भावांनी मिळून टेलिफोनवर एक निबंध लिहिला होता. आर्थर पोस्टातच नोकरीला, त्यामुळे छापायला वरून परवानगी हवी. ती परवानगी प्रीसने अडवली. आर्थरला संसार होता, नोकरी होती. तो गप्प बसला आणि नंतर या वादातून बाहेरच पडला. त्याच वर्षी, ऑलिव्हरचे लेख नेटाने छापणाऱ्या द इलेक्ट्रिशियन या साप्ताहिकाचा संपादक बदलला आणि नव्या संपादकाने लेखमाला बंद केली. वर्षाला चाळीस पौंड तिथून मिळत, तेवढीच काय ती त्याची कमाई.

हेविसाइड काही बिचारा नव्हता. प्रीसची टर उडवणारे, खवचट, वाचताना हसू फुटेल असे परिच्छेद तो गणिताच्या मधेच घुसवून द्यायचा. पण हसून केबल बदलत नाही. सत्ता पोस्टाकडे होती.

पारडं फिरलं ते 1888 मध्ये. जर्मनीत हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या आणि मॅक्सवेलच्या मार्गाने जाणाऱ्यांचं म्हणणं लोक ऐकू लागले. लॉर्ड केल्व्हिननी भर सभेत हेविसाइडच्या कामाची वाखाणणी केली. नाव झालं. पैसे मात्र दुसऱ्याला मिळाले. तारेत ठरावीक अंतरावर कॉइल बसवून इंडक्टन्स वाढवायची युक्ती अमेरिकेत 1900 च्या सुमाराला प्रत्यक्षात आली. मायकेल प्युपिन या प्राध्यापकाने पेटंट घेतलं, एटी अँड टी कंपनीने ते लाखो डॉलर देऊन विकत घेतलं आणि टेलिफोनची पोच जवळपास दुप्पट झाली. हेविसाइडने पेटंट घेतलंच नव्हतं. कंपनीने त्यालाही पैसे देऊ केले होते, पण श्रेय पूर्णपणे माझं आहे असं मान्य केल्याशिवाय एक पैसा घेणार नाही म्हणून त्याने ते नाकारले, असं सांगतात. त्याआधी रॉयल सोसायटीच्या मदतनिधीतून देऊ केलेले पैसेही भीक वाटली म्हणून त्याने परत पाठवले होते. अखेर 1896 मध्ये मित्रांनी खटपट करून वर्षाला 120 पौंडांचं सरकारी पेन्शन मिळवून दिलं आणि ते दान नाही, मान आहे, हे त्याला पटवलं.

तोपर्यंत तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे, डेव्हन परगण्यात राहायला गेला होता. आईवडील गेले होते. सोबतीला सायकल होती, त्या काळात नवी नवी आलेली. उतारावरून ती बेफाम सोडायचा त्याला भारी शौक.

12 डिसेंबर 1901. मार्कोनीने इंग्लंडमधल्या पोल्धू इथून सोडलेला सिग्नल अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला ऐकल्याचं जाहीर केलं. अंतर सुमारे 3,400 किलोमीटर. शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. रेडिओलहर प्रकाशासारखी सरळ जाते, पृथ्वी गोल आहे, मग लहर अवकाशात निघून न जाता वळली कशी? 1902 मध्ये अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडात हेविसाइड यांनी, एकमेकांना न विचारता, एकच उत्तर सुचवलं. वरच्या हवेत वीज वाहून नेणारा एक थर असावा. हेविसाइडने ते एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकासाठी लिहिलेल्या लेखात जाता जाता सांगून टाकलं. सगळं आयुष्य तारांवर घालवलेला हा माणूस. त्याला तिथेही तारच दिसली. खाली खारं पाणी, वर तो थर, आणि दोघांच्या मधून वाट काढत जाणारी लहर.

पुराव्याला बावीस वर्षं लागली. डिसेंबर 1924 मध्ये एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट यांनी बोर्नमथच्या बीबीसी केंद्रावरून फ्रिक्वेन्सी सावकाश बदलत लहरी सोडल्या, ऑक्सफर्डला त्या मोजल्या आणि थर सुमारे शंभर किलोमीटरवर असल्याचं दाखवलं. या कामासाठी पुढे 1947 मध्ये ॲपलटनना नोबेल मिळालं. पाठ्यपुस्तकातलं आयनांबर ते हेच.

त्या डिसेंबरात हेविसाइड टॉर्कीमधल्या घरात एकटा होता. घर मुळात मेरी वे हिचं, भावाच्या बायकोची बहीण. हा 1908 मध्ये पैसे देऊन राहणारा पाहुणा म्हणून आला आणि घराचा मालक असल्यासारखा वागू लागला. मी हे घर सोडणार नाही, लग्न करणार नाही, असे कागद त्याने तिच्याकडून लिहून घेतले. शेवटी 1916 च्या सुमारास तीच घर सोडून गेली. त्याच्या गुणगौरवात हे सहसा येत नाही, पण यायला हवं. नंतर त्याचं सगळंच बिघडत गेलं. गॅसचं बिल थकलं, कंपनीने जोडणी तोडली, तो थंडीत पांघरुणं गुंडाळून बसू लागला. खुर्च्या-टेबलांऐवजी घरात ग्रॅनाइटचे दगड होते वगैरे कथा शेजाऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगितल्या. 1922 मध्ये इंग्लंडच्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरांच्या संस्थेने फॅरडे पदक सुरू केलं आणि पहिलंच पदक त्याला दिलं. तो लंडनला येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून संस्थेचे अध्यक्ष स्वतः पदक घेऊन त्याच्या दारात गेले. त्यानंतर शिडीवरून पडण्याचं निमित्त झालं आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी तो गेला. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी त्याला पुरलं.

दोनच वर्षांत त्याच्या थराचा धागा आपल्यापर्यंत पोचला. 1927 मध्ये इंग्लंड आणि भारत यांच्यात शॉर्टवेव्हची थेट बिनतारी सेवा सुरू झाली. आपल्याकडून पाठवायचं केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला, आणि येणारे सिग्नल घ्यायचं केंद्र दौंडला. आजही अरबी समुद्रावरून जाणारी विमानं किनाऱ्यापासून लांब गेली की मुंबईशी याच पट्ट्यात, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झमध्ये, बोलतात. मधे कुणाचीही तार नाही, टॉवर नाही, उपग्रहाचं भाडं नाही.

मग अडचण कुठे? बोलण्यात फारशी नाही, कारण आपला कान मोठा समजूतदार आहे. अडचण डेटात आहे. आकाश हा गुळगुळीत आरसा नाही. तिथे एकावर एक थर आहेत, ते दिवसा वेगळे, रात्री वेगळे, आणि सतत हलणारे. एकच सिग्नल एका उडीत पोचतो, त्याचीच दुसरी प्रत दोन उड्या मारून दोन-पाच मिलिसेकंद उशिरा पोचते. मोडेम सेकंदाला 2,400 ठोके पाठवत असेल तर एक ठोका अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी टिकतो. म्हणजे उशिरा आलेली प्रत पुढच्या पाच-दहा ठोक्यांवर जाऊन आदळते. डेन्मार्कच्या केबलवर बसलेल्या ऑपरेटरने हे लगेच ओळखलं असतं.

पहिला उपाय सावकाशीचा. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलिन्स रेडिओ कंपनीने काइनप्लेक्स नावाचं यंत्र काढलं. एका वेगवान प्रवाहाऐवजी एकाच वेळी अनेक सूर, प्रत्येक सूर संथ. ठोका इतका लांब की मागून येणारा प्रतिध्वनी त्याच्या सुरुवातीलाच विरून जातो. तुमच्या फोनमधलं फोर-जी याच कल्पनेचं वंशज आहे. पण शॉर्टवेव्हवर याचा एक तोटा होतो. सगळे सूर एकदम चढले की सिग्नलला उंच शिखरं येतात, ती ट्रान्समीटरला झेपावीत म्हणून एरवी त्याला दबकत चालवावं लागतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. तारेत कॉइल बसवता येते, आकाशात कशी बसवणार? मग दुरुस्ती रिसीव्हरमध्ये करा, आकडेमोडीने. स्वस्त आणि वेगवान चिप आल्यावर ऐंशीच्या दशकात हे जमू लागलं, आणि अमेरिकी लष्कराच्या 1991 च्या मानकात ते पक्कं झालं. तिथे 2,400 बिट वेगाला मोडेम 32 ठोके माहितीचे पाठवतो आणि लगेच 16 ठोके असे, जे रिसीव्हरला आधीच माहीत असतात. त्या सोळांचं आकाशाने काय केलं हे पाहून रिसीव्हर त्या घटकेच्या आकाशाचा अंदाज बांधतो आणि बत्तीस ठोक्यांवरचा परिणाम उलटा फिरवून पुसतो. काही मिलिसेकंदांनी पुन्हा तेच, कारण तेवढ्यात आकाश बदललेलं असतं. म्हणजे पाठवलेल्या ठोक्यांपैकी एक तृतीयांश बातमी म्हणून निरुपयोगी. ते फक्त वाट कशी आहे हे विचारायला जातात. एखाद्या ज्ञात ठोक्याला समोरची यंत्रणा काय उत्तर देते, त्यावरून तिला ओळखायचं, ही हेविसाइडच्या स्टेप फंक्शनमागचीच विचाराची रीत.

तेवढ्यानेही भागत नाही. कधी कधी सिग्नल दोन-चार क्षण पार बुडतोच. म्हणून बिट आधी पत्त्यांसारखे पिसून पाठवतात. त्या मानकात हे पिसणं 4.8 सेकंदांपर्यंत पसरवता येतं. मग बुडालेला तुकडा रिसीव्हरमध्ये परत रचताना सगळीकडे थोडा थोडा विखुरला जातो, आणि त्या किरकोळ चुका कोडिंगच्या गणिताने भरून निघतात. किंमत एवढीच की संदेशाला काही सेकंद उशीर होतो. व्हिडिओ कॉलला हे चालणार नाही, जहाजावरच्या ई-मेलला चालतं.

2000 नंतरच्या आवृत्तीत त्याच 3 किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या वाटेवरून 9,600 बिट जाऊ लागले. 2017 च्या आवृत्तीत वाट रुंद करून 48 किलोहर्ट्झ केली आणि वेग सेकंदाला 2 लाख 40 हजार बिटांवर नेला. ब्रॉडबँडवाल्याला याचं हसू येईल. पण या मानकांनी खालचा, सेकंदाला 75 बिटांचा वेग काढून टाकलेला नाही, कारण आकाश बिघडतं तेव्हा तोच काय तो तग धरतो. राणीचे ते 98 शब्द म्हणजे साधारण सहाशे अक्षरं, पाच हजारांच्या आत-बाहेर बिट. या सगळ्यात सुस्त वेगानेही ते एक-सव्वा मिनिटात पलीकडे पोचतील.